‘बरें आसा’ म्हणजे नेमके काय? पेडण्यातील एका अंगणवाडीचे प्रकरण

अंगणवाडीच्या कामाबद्दल समाधानी आहात का, असे आईला विचारले की गोव्यातल्या पेडणे तालुक्यात बहुतेक वेळा एकच उत्तर येते : “बरें आसा.” हे उत्तर ‘समाधानी’ या रकान्यात जाते, रकान्यांची बेरीज होते आणि अहवाल वर जातो. पण याच उत्तराखाली सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्यांतल्या काहींचा थेट संबंध मुलाच्या वजनाशी असतो, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडतो आहोत.

आधी एक खुलासा. हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेले आहे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात जी परिस्थिती अनेक वाड्यांवर दिसते, ती इथे एका अंगणवाडीत एकत्र केली आहे. त्यामुळे वाड्याचे नाव दिलेले नाही आणि या अंगणवाडीचे आकडे उदाहरणादाखल आहेत. सरकारी निकष, दर आणि वाढीचे तक्ते मात्र खरे आहेत.

वाडा सहाशे-साडेसहाशे वस्तीचा, किनाऱ्यापासून आत डोंगराच्या बाजूला. अंगणवाडी एका समाजगृहाच्या खोलीत भरते. एक सेविका, एक मदतनीस. नोंदवहीत २४ आया आहेत. त्यांपैकी १४ जणींचे मूल सहा महिने ते तीन वर्षे वयाचे असल्याने त्यांना महिन्याचा आहार घरी न्यायचा असतो. उरलेल्या दहा जणींची तीन ते सहा वयाची मुले रोज अंगणवाडीत येतात. १४ पैकी सहा जणी कामाला जातात : कुणी मांद्रे-मोरजीच्या हॉटेलात, कुणी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, कुणी मोपा विमानतळावर साफसफाईला. सकाळी साडेसातला घर सोडायचे आणि संध्याकाळी साडेसहाला परतायचे, असा त्यांचा दिवस.

पहिल्या पाहणीत २४ पैकी २२ जणी ‘समाधानी’ निघाल्या. त्याच महिन्याच्या नोंदी पाहिल्या तेव्हा १४ पैकी फक्त पाच जणींनी आहाराचे पाकीट स्वतः नेले होते, दहा मुलांपैकी रोज सरासरी पाच हजर होती आणि आपल्या मुलाचे गेल्या महिन्याचे वजन २४ पैकी केवळ तिघींना सांगता आले. २२ समाधानी आणि वजन माहीत असणाऱ्या तीन, हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की पाहणीत कुठेतरी गडबड आहे हे कळते.

गडबड बायांच्या खरेपणात नव्हती. प्रश्न अंगणातच, सासूबाईंसमोर विचारला गेला होता आणि विचारणारी खुद्द सेविका होती. ती याच वाड्यावरची. गृह आधार या गृहिणींसाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज भरताना कुठला कागद जोडायचा हे तीच सांगते, मूल तापले की आरोग्य केंद्रात कुणाला भेटायचे हेही तीच. तिला तोंडावर “नाही” कोण म्हणेल? बायांनी ‘बरें आसा’ म्हटले ते तिच्याबद्दल, आणि ते खरेही होते. सेवेबद्दलचे उत्तर अजून कुणी मागितलेच नव्हते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. काय मिळायला हवे हेच माहीत नसेल तर कमी मिळाल्याची तक्रार तरी कशी करणार? एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणे) अशा सहा सेवा आहेत. वाड्यावर विचारले तर अंगणवाडी म्हणजे ‘पाकीट आणि बालवाडी’. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हा आहार मुलांचा, गरोदर बाईचा आणि अंगावर पाजणाऱ्या आईचा हक्क ठरवला, हे कुणालाच ठाऊक नव्हते. फुकट मिळते आहे, मग नावे कशाला ठेवायची, हीच सर्वांची भावना होती.

गोव्यात हा प्रश्न हलका समजला जातो, कारण रुग्णालये जवळ आहेत आणि जवळजवळ सगळी बाळंतपणे दवाखान्यात होतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील खुरट्या वाढीच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२० मध्ये २५.८ टक्क्यांवर गेले. जवळ दवाखाना असणे आणि मुलाच्या ताटात पुरेसे अन्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न पुन्हा विचारले गेले, पण वेगळ्या रीतीने. विचारायला दुसऱ्या बीटमधली, म्हणजे अंगणवाड्यांच्या दुसऱ्या गटातली, सेविका आली आणि या वाड्याची सेविका तिच्या बीटमध्ये गेली. शक्य तिथे आईला घरात एकटीला गाठले आणि कामाला जाणाऱ्या बायांकडे रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर जायचे ठरवले. ‘समाधानी आहात का’ हा प्रश्न शेवटी ठेवला. आधी फक्त घडलेल्या गोष्टी विचारल्या : मागचे पाकीट कुठल्या दिवशी आले? ते आणायला कोण गेले? आता घरात किती शिल्लक आहे, दाखवाल? काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळाने काय काय खाल्ले? शेवटचे वजन कधी झाले, किती भरले आणि त्यावर अंगणवाडीच्या बाई काय म्हणाल्या? मूल अंगणवाडीत गेले नाही तो शेवटचा दिवस कोणता आणि का गेले नाही? या खेपेला “बरें आसा” म्हणून सुटता येत नव्हते. एका घरी अर्धा तास लागला.

“पाकीट कोण आणतं, वहिनी?”

“सासूबाई जायच्या. आता त्यांना देत नाहीत. मोबाईलात माझं तोंड लागतं म्हणे.”

हे पहिले दुखणे. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर चेहऱ्याची ओळख पटवणे बंधनकारक झाले. आधार क्रमांकावरून एकदा ई-केवायसी (ओळखीची पडताळणी) करायची आणि मग दर महिन्याला नोंदवलेल्या आईचा किंवा पालकाचा चेहरा मोबाईलसमोर धरायचा. हेतू चांगला आहे, ज्याचा वाटा त्यालाच मिळावा. पण वाटप गुरुवारी सकाळी अकराला, आणि आई त्या वेळी मोरजीला हॉटेलातल्या चादरी बदलत असते. सुट्टी घेतली तर दिवसाचा पगार बुडतो, आणि महिन्याच्या पाकिटाची किंमत त्याहून कमी असते. २०१७ मध्ये ठरलेला दर सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे रोज ८ रुपये, म्हणजे २५ दिवसांचे २०० रुपये. बाईने मनात हिशेब केला आणि ती आली नाही. या हिशेबाला बेपर्वाई म्हणणे अन्याय आहे.

चेहरा न जुळण्याची कारणे तर अगदी साधी निघाली. सेविका दाराकडे तोंड करून बसायची, त्यामुळे आईच्या पाठीमागून ऊन यायचे आणि चेहरा काळा दिसायचा. आईला उजेडाकडे तोंड करून बसवले की अर्ध्या अडचणी मिटतात. दोघींच्या आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, फार जुना होता. तिघींच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडला होता, म्हणून ओटीपीच येत नव्हता. समाजगृहात नेटवर्क नाही. तिथे उभे राहून ई-केवायसी करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा नेटवर्क मिळते अशा जागी एका सकाळी सर्वांची एकदम केली की काम होते. नंबर बदलायला मात्र वेळ लागतो. ते काम वाटपाच्या दिवशी उघडकीस आले तर तो महिना गेला म्हणूनच समजा. यादी आधी तपासून त्या तिघींना पंधरा दिवस आधी सांगायला हवे होते.

दुसरे दुखणे पाकीट घरी पोहोचल्यानंतरचे. आमच्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

२०१३ च्या कायद्यातला मूळ निकष असा होता : सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने. अतितीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. भाजलेल्या धान्य-डाळीच्या पिठात हे बसवायचे तर दिवसाला साधारण १२५ ग्रॅम लागते, २५ दिवसांचे सव्वातीन किलोला थोडे कमी. आता आठ महिन्यांचे बाळ घ्या. अंगावर पिणाऱ्या या वयाच्या बाळाला वरच्या अन्नातून सुमारे २०० किलोकॅलरी पुरतात, म्हणजे पिठाचे ५० ग्रॅम. आईला दिसते की पीठ उरते आहे, आणि ते खरेच उरते. मग ती गूळ घालून लाडू वळते आणि घरातली पाचही माणसे खातात. इथपर्यंत बाळाचे काही बिघडत नाही. पण सवय लागते. वर्ष उलटल्यावर त्याच बाळाला वरच्या अन्नातून ५५० किलोकॅलरी लागतात आणि पाकिटातले सगळे पीठ त्याच्याच पोटात जायला हवे असते, तरी लाडू पाच जणांचेच होत राहतात. पाच जण रोज प्रत्येकी १२५ ग्रॅम खातील तर पाकीट पाचव्या दिवशी संपते आणि उरलेले वीस दिवस बाळ भाताच्या पेजेवर राहते.

“वाटून खाऊ नका” असे सांगितल्याने घरातली वाटणी थांबत नाही, उलट सून आणि सासू यांच्यात तेढ पडते. वयाप्रमाणे किती लागते हे सासूबाईंच्या समोर सांगितले की फरक पडतो, कारण चूल बहुतेक घरी त्यांच्याच हातात असते. दुकानदाराच्या काट्यावर ३० ग्रॅम पीठ मोजायचे, ते घरच्याच वाटीत ओतायचे आणि वाटीला बाहेरून खूण करायची. आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोनदा खुणेपेक्षा थोडे कमी, वर्षानंतर चारदा खुणेइतके. शिजवताना पातळ करू नये. चमचा तिरका केला की अन्न हळूहळू घसरावे, पाण्यासारखे सांडू नये.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, ती वेगळी सांगायला हवी. जूनपासून हवेत इतकी ओल असते की उघडे पाकीट आठवड्यात कुबट लागू लागते. आई ते गुरांना घालते आणि बाईंना “बाळाला आवडत नाही” असे सांगते. पीठ पाकिटातून काढून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे, ओला चमचा घालू नये आणि आठवड्यापुरते पीठ काढून लहान डब्यात ठेवावे. पाकीट आले तेव्हाच वास येत असेल तर ते परत करून नोंदवहीत तशी नोंद करावी. ही तक्रार ‘चव आवडत नाही’ या सदरात कधीच टाकू नये. चवीवर उपाय घरी निघतो, पण खराब मालावरचा उपाय पुरवठा करणाऱ्याकडेच असतो.

तिसरी गोष्ट वजनाची. वजन दर महिन्याला घेतले जात होते. चुका होत्या त्या नेहमीच्याच : काटा सतरंजीवर ठेवलेला, शून्य न तपासलेले, बाळ कपड्यांसकट. दोन वर्षांखालच्या दोन मुलांची लांबी फळीवर झोपवून घेण्याऐवजी उभे करून उंची घेतली होती. उभ्याने माप सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी येते. तेवढ्याने मूल कुपोषणाच्या एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ शकते. फळीवर दोन माणसे लागतात, एक डोके धरायला आणि एक गुडघे सरळ करून तळव्याला पट्टी लावायला. मदतनीस स्वयंपाकात असेल तर आईचीच मदत घ्यावी. मग माप तिच्यासमोरच होते, हा वेगळाच फायदा.

पण मोठी चूक मापात नव्हती. एका मुलीचे वजन अकराव्या महिन्यात ७.९ किलो, बाराव्यात ८.०, तेराव्यात ७.९, चौदाव्यात ८.० होते. चौदा महिन्यांच्या मुलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात कमी वजनाची रेषा ७.४ किलोवर आहे. म्हणजे ॲपमध्ये ही मुलगी चारही महिने ‘सामान्य’ गटात. सेविकेने आकडा भरला, लाल काही दिसले नाही, म्हणून आईला काही सांगितले नाही. पण अकरा ते चौदा महिन्यांत मुलींचे मधले वजन ८.७ वरून ९.४ किलोवर जाते. सगळ्या मुली सातशे ग्रॅमने पुढे गेल्या असताना ही जागेवरच होती. गट पाहण्याआधी मुलाच्या वजनाची रेषा चढते का ते पाहावे. दोन महिने वजन वाढले नाही, तर गट कोणताही असो, त्या घरी त्याच आठवड्यात जावे.

घरी गेल्यावर कारण लगेच कळले. अकराव्या महिन्यात आई कामावर परतली होती. दिवसाचे दूध तुटले, आणि आजी प्रेमाने पेजेची निवळ व चहात बुडवलेले बिस्किट देत होती. पेज वाईट नाही, पातळपणा वाईट. वाटीभर पेजेत २० ग्रॅम तांदूळ असेल तर जेमतेम ७० किलोकॅलरी मिळतात आणि वरची निवळ दिली तर त्याहूनही कमी. त्याच पेजेत १० ग्रॅम मूगडाळ शिजवून घोटली की ३५ वाढतात, वर एक चमचा खोबरेल तेल घातले की आणखी चाळीस. एकूण दुप्पट, आणि वाटी तीच. नाचणीचे तिझण (खीर), मऊ शिजवून सालीसकट कुस्करलेले अळसांदे (चवळी), काटे काढलेला बांगडा हे सगळे त्या घरात होतेच, फक्त मोठ्यांच्या ताटात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सुकी सुंगटे (कोळंबी) पाण्यात दोन-तीनदा धुऊन मीठ काढून, भाजून, पूड करून पेजेत चिमूटभर घालता येतात. आजीला हे पटायला एकच भेट पुरली, कारण तिला कुणी चूक ठरवले नाही.

तीन ते सहा वयाच्या मुलांच्या आयांचा सूर वेगळा होता. “नुसतं खेळवतात. शेजारचा मुलगा नर्सरीत एबीसीडी लिहितो.” आई समाधान मोजते ते मुलाने घरी काय आणले त्यावरून, आणि वही नाही म्हणजे शिक्षण नाही. २०२४ मध्ये आलेला ‘आधारशिला’ अभ्यासक्रम तीन ते सहा वयोगटासाठी ४८ आठवड्यांचा आहे आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’त १४० कृती दिल्या आहेत. सेविकेला दोन्ही माहीत होते, आयांना एकही नाही. यावर भाषण देऊन उपयोग झाला नसता. महिन्यातून एका दिवशी चार आयांना तासभर वर्गात बसवले. चिंचोके मोजून ढीग करणे, मण्यांची माळ ओवणे, गोष्टीत पुढे काय झाले ते सांगणे हे पाहताना सेविका फक्त एवढेच म्हणायची, “बोटांत हा जोर आला की पेन्सिल आपोआप धरेल.” आयांना ते पटले, निदान तिथे बसलेल्यांना.

तरी हजेरी फार वाढली नाही. अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई संध्याकाळी येते. मधले सहा तास मूल कुठे ठेवायचे? समजावून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचा प्रस्ताव लागतो, आणि तो मुख्यसेविका व बाल विकास प्रकल्प अधिकारी यांच्या पातळीवरच होतो. सेविकेच्या माथी हजेरीचा दोष मारणे थांबवावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

तीन महिन्यांत जे बदलले ते एवढे : वाटपाची गुरुवारची वेळ ठेवली आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी साडेसहा ते साडेसातची दुसरी वेळ जोडली. त्या तासाची भरपाई सेविकेला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊन घेता यावी, ही परवानगी मुख्यसेविकेने लेखी दिली. लेखी नसेल तर पहिल्याच तपासणीत सेविका अडचणीत येते. मूल रोज आजीजवळच असते तिथे पालक म्हणून कुणाला नोंदवायचे हे घरी विचारून ठरवले. वजन घेतल्यावर आकडा आईच्या मोबाईलवर आवाजी निरोपाने पाठवायचा, मागच्या महिन्याच्या आकड्यासह, आणि सोबत एकच सूचना.

त्यानंतर दुसऱ्या बीटच्या सेविकेने तेच प्रश्न पुन्हा विचारले. पाकीट स्वतः नेणाऱ्या पाचाच्या अकरा झाल्या. मुलाचे वजन सांगणाऱ्या तिघींच्या सोळा. आणि ‘समाधानी’ म्हणणाऱ्या २२ वरून १७ वर आल्या.

हा उतार पाहून घाबरून पाहणी दडपली जाते, तसे इथे होऊ दिले नाही. कमी झालेल्या पाच जणींची उत्तरे वेगळी काढली. एकीने पाकीट सहा दिवस उशिरा आल्याची तारीख सांगितली. दुसरी म्हणाली, दोन महिने वजन थांबले होते तर मला पहिल्याच महिन्यात का सांगितले नाही? दोघींना पाळणाघर हवे होते. पाचवीला वजनाच्या दिवशी परिचारिकाही हवी होती, म्हणजे लस आणि वजनासाठी दोन रजा जाणार नाहीत. आधी याच पाच जणी ‘बरें आसा’ म्हणाल्या होत्या. आता त्या नेमके बोलत होत्या आणि प्रत्येकीच्या म्हणण्यावर कुणाचे तरी नाव लिहून तारीख टाकता येत होती. म्हणून प्रकल्पाच्या अहवालात समाधानाची टक्केवारी एकटी पाठवू नये. तिच्या शेजारी वजन माहीत असलेल्या आयांची संख्या आणि आलेल्या नेमक्या तक्रारींची संख्या असावी. टक्केवारी ९० च्या वर आणि तक्रारी शून्य असतील, तर मुख्यसेविकेने त्या वाड्यावर स्वतः जावे.

एक गोष्ट दुसऱ्या फेरीतही सुटली होती आणि ती उशिरा लक्षात आली. २४ आयांची यादी नोंदवहीतून घेतली होती. वाड्याच्या वरच्या अंगाला, रस्त्यालगत, भाड्याच्या खोल्यांत बांधकामावरच्या मजुरांची सात कुटुंबे राहतात. त्यांच्या पाच मुलांची नोंद या अंगणवाडीत नाही. “आमचं नाव गावाकडे आहे,” असे त्या आया सांगतात आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक पोषण ट्रॅकरमध्ये एका अंगणवाडीतून दुसरीकडे नोंद हलवता येते, त्यासाठी गोव्याच्या पत्त्याचे आधार लागत नाही. जुन्या अंगणवाडीचे गाव आणि तिथे दिलेला मोबाईल नंबर विचारून घ्यावा, नोंद हलेपर्यंत मुलांची वजने साध्या वहीत घ्यावी आणि दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर नोंदीची वाट न पाहता मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. पुढच्या फेरीत २९ आयांना विचारायचे आहे.